पांढऱ्या धुळीतलं जस्त

थोरलीच्या हातचा लेप म्हणजे आरसा. चिनीमातीसारखी कठीण भुकटी ज्योतीत वितळवून यंत्राच्या भागांवर फवारायची, हे काम तिला वडिलांनी शिकवलं. त्यांचा नियम एकच: ज्योत पूर्ण सोडायची, एकही कण कच्चा राहता कामा नये. वीस वर्षं तिने तो डोळे झाकून पाळला. मग लोखंड आणि जस्त असलेल्या काळ्या भुकटीच्या चुंबकीय लेपाचं काम आलं आणि तिची पार फजिती झाली.

लेप दिलेल्या नमुन्याच्या दोन तबकड्या नापास झाल्या. दिसायला लखलखीत, पण चुंबकीय गुण निम्म्यावर. तिसरीही गेली तर फवारणीची खोली बंद आणि थोरली पॅकिंगच्या टेबलावर, असं मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं.

तपासणीला होती तिची सख्खी धाकटी बहीण. तिचा निकाल दोन्ही वेळा तोच: भुकटीत असतं तेवढं जस्त लेपात उरत नाही. तुझं यंत्रच बिघडलंय, असं थोरलीने तिला सुनावलं. जस्त काय मी खाल्लं का, असंही विचारून झालं. झालं, दोघींचा अबोला. एका घरात राहून अबोला धरायचा, म्हणजे मीठसुद्धा वडिलांमार्फत मागावं लागतं.

तिसऱ्या दिवशी थोरली धूर ओढणाऱ्या पंख्याची जाळी झटकत होती. भुकटी काळी, तेव्हा धूळही काळी हवी. पण जाळीवर पिठासारखा पांढरा थर होता. तिने तो कागदावर घेतला आणि तडक बहिणीचं टेबल गाठलं.

"हे बघ गं काय आहे."

धाकटीने तपासलं. जस्ताचीच राख होती ती.

"ताई, तू कण इतके तापवतेस की जस्ताची वाफ होऊन जाते," ती म्हणाली. "वर ज्योतीतला हायड्रोजन कणांतला ऑक्सिजनही ओढून घेतो."

थोरलीचा चेहरा पडला. चूक हाताची नव्हती, नियमाची होती, आणि नियम वडिलांचा होता. तरी तिने ज्योत उतरवली, हायड्रोजन बंद केला आणि कण आगीत कमी वेळ राहावेत म्हणून फवाऱ्याची बंदूक तबकडीच्या दोन बोटं जवळ आणली. तबकडी निघाली मळकट, खरखरीत. टेबलावर ठेवायचीही तिला लाज वाटली. धाकटीने मात्र आकडे दोनदा पाहिले. थोडे कण कच्चे होते, पण जस्त बहुतेक सगळं जागेवर होतं. तबकडी काठावर का होईना, पास झाली.

घरी वडिलांनी तबकडीवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. थोरलीने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला मान खाली घातली.

"अंतर किती ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

वीस वर्षं ते फक्त सांगत आले होते. थोरलीने बोटं धरून दाखवली. वडिलांनी चष्मा लावला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग. सावकाश."