ठमाबाईची माळ आणि देवळाचं वळण

"एकदा खाचरात घातलीस, खपवून घेतलं. आज पाडलीस तर स्कुटर मोरूच्या दारात जाईल, ठमे," रघूने खळ्यातूनच बजावलं.

स्कुटर त्यांच्या लेकीची, कल्पिताची. पनवेलला नोकरी लागल्यावर तिने नवी घेतली आणि जुनी आईला दिली. रघूला मात्र ती पुतण्याला, मोरूला द्यायची होती. ठमाबाई काही सोडायला तयार नव्हती. नवरा सायकलवर पांढरा कांदा लादून निघेपर्यंत उन्हं चढायची, आणि रेवदंड्याच्या रस्त्यावर चिंचेखालची सावली दुसऱ्या कांदेवालीने, केसरने, कधीच बळकावलेली असायची. मग ठमाबाई दिवसभर उन्हात भाजून निघायची. याचा तिला मनापासून वीट आला होता.

काल तिने सायकलीला टांगतात तशा कांद्याच्या सगळ्या माळा हँडललाच टांगल्या. देवळापाशी वळली, तर माळा बाहेर झोकल्या, हँडल ओढलं गेलं आणि बाई गाडीसकट खाचरात. पेंढा होता म्हणून हाडं वाचली.

"जोरात चालवलीस," रघू म्हणाला होता.

"न्हाय वो. व्हती त्याच चालीवर वळले."

हेच तिला सुटत नव्हतं. आज पहाटेच तिने हँडलला एकच माळ अडकवली आणि अंगणात गाडी फिरवून पाहिली. मूठ पिळली, माळ मागे गेली. ब्रेक दाबला, पुढे आली. चाल तीच ठेवून वळली, तर माळ बाहेरच्या अंगाला कलली.

"म्हंजे नुसतं वळलं तरी धक्का बसतोच," ती पुटपुटली. "अन् जोरात वळलं की जास्ती."

तिने बाकीचा माल पायाशी नीट रचला, ती एक माळ हँडलवरच ठेवली. रघू मागे बसला, पडताना बघायचं म्हणून.

देवळाजवळ येताच तिने वळणाआधीच चाल कमी केली आणि अंग आतल्या बाजूला कलवलं. माळ जराशीच हलली. पण रघू भेदरून उलट्या बाजूला लोंबला आणि गाडी खाचराकडे सरकू लागली.

"अवो, माळंवानी भायेर लोंबू नका. माज्यासंगं कला."

रघूने तिची कंबर धरली आणि तोही कलला. गाडी सरळ झाली.

चिंचेखाली सावली मोकळीच होती. ठमाबाईने माळा मांडल्या आणि ऐन मधोमध बसकण मारली. शेजारच्या टपरीवर चहा घेत मोरू केव्हाचा वाट बघत होता.

"काका, गाडी कधी न्यायची?"

रघूने फडक्याने तोंड पुसलं. "न्हाय जमायचं रं. मागची शीट माजी हाय."

ठमाबाईने ऐकलं, पण मान वर केली नाही. सावलीत बसून ती माळेचा सुटलेला पीळ घट्ट करत राहिली.