काळ्या पट्टीचा सुटलेला कोपरा

मी एक जुनी कण मोजणारी पेटी आहे, मित्रांनो. शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पडलेली असते. बाकडं समजून माझ्यावर बसू नका, एवढं आधीच सांगते. पाठ खचली आहे माझी.

माझ्या पोटात काचेसारख्या नितळ प्लास्टिकची एक जाड पाटी आहे. आकाशातून अगदी बारीक कण सतत खाली येत असतात. तुमच्या डोक्यातून, दप्तरातून, डब्यातून ते आरपार जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. असा कण माझ्या पाटीतून गेला की आत इवलासा उजेड लुकलुकतो. माझा एकुलता एक डोळा तो पाहतो, आणि खाली प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो. झालं, हेच माझं आयुष्य. तुम्हाला मधली सुट्टी तरी असते. मला तीही नाही.

तो उजेड इतका मंद असतो की बाहेरचा एक कवडसाही आत आलेला चालत नाही. म्हणून भौतिकशास्त्राच्या बाईंनी मला काळ्या कागदात गुंडाळलं, वरून काळी चिकटपट्टी फिरवली. बाळाला दुपट्यात बांधावं तसं. काय ते दिवस होते! पोरं रांग लावून मला बघायला यायची.

मला दोन बहिणी आहेत. एक ग्रंथालयाच्या छतावर, दुसरी दवाखान्याच्या. फार फार दूर एखादा तारा फुटतो, तिथून सुटलेला एखादा दांडगा कण आपल्या हवेवर येऊन आदळतो, आणि मग कणांची मोठी सर कोसळते. ती आमच्यापैकी कोणाकडे आधी पोहोचली, कोणाकडे नंतर, यावरून ती कुठल्या दिशेने आली ते बाई काढू शकतात. एकटीला ते जमत नाही. बाईंचं सगळं संशोधन या एकाच गोष्टीवर अडलं होतं. "एक मोठी सर, तिघींनी मिळून पकडलेली," त्या माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "मग मी खुशाल म्हातारी होईन."

मग बाई वर्षभरासाठी परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे म्हणे जमिनीखालच्या बोगद्यात कण एकमेकांवर आपटतात. जाताना त्यांनी मला सरांच्या ताब्यात दिलं. सर म्हणजे आमच्याच शाळेतले अर्थशास्त्राचे शिक्षक, आणि बाईंचे यजमान.

"अहो, अधूनमधून पट्टी तेवढी बघत जा हं."

"अगं, तू निश्चिंत जा. पेटीच ती, पळून थोडीच जाणार आहे?"

पळाले नाही मी. पण उन्हाने पट्टीचा एक कोपरा सुटला.

पोरांनी तो पाहिला. "बाईंचं आहे, हात नको लावू, ओरडा बसेल." शिपाईकाकांनी पाहिला. त्यांना वाटलं, प्रयोगशाळेतले बघतील. प्रयोगशाळेतल्यांना वाटलं, सर बघतील. आणि सर? फोनवर बोलायला ते रोज वर यायचे, एक पाय माझ्यावर ठेवून उभे राहायचे, सुटलेला कोपरा बुटाच्या टोकाने हलवायचे आणि निघून जायचे.

गंमत ऐका. खालच्या खिडकीतून मला सरांचा तास ऐकू येतो. त्या दिवसांत सरांनी वर्गात गोळ्या वाटल्या. म्हणाले, हव्या तितक्या बरणीत टाका. बरणीत जमतील त्यांच्या दुप्पट करून सगळ्यांना सारख्या वाटेन. बरणीत पडल्या दोन. त्यातली एक चघळलेली! "बघा," सर खूश होऊन म्हणाले, "जे सगळ्यांच्या उपयोगाचं, त्यासाठी प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो." वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं. माझा कोपरा वर फडफडत होता.

फटीतून ऊन आत आलं आणि माझा डोळा दिपला. आकडा वाढला, धावला, उधळला. आणि मित्रांनो, माझं कौतुक सुरू झालं! मुख्याध्यापिकांनी दारापाशी माझ्या आकड्याचा फलक लावला. दुपारी आकडा वाढतो म्हणजे सूर्यच कण फेकतो, असा नववीच्या पोरांनी प्रकल्प केला आणि पहिलं बक्षीस पटकावलं. तापाने फणफणलेल्या माणसाला "गाल किती छान लाल झालेत!" म्हणावं, तसं ते कौतुक. मी इतकी थकले होते, की कण कुठला आणि ऊन कुठलं, मला कळेनासं झालं.

ग्रंथालयात ते आकडे पोहोचले. "शाळेची एवढं मोजतेय, मग आपली कशाला?" म्हणून माझ्या बहिणीचा प्लग काढून तिथे पंखा लावला. दवाखान्यातल्या बहिणीच्या प्लगवर थंड पाण्याचं यंत्र लागलं.

बाई परत आल्या. पडद्याकडे एकदा पाहिलं आणि तडक वर आल्या. त्यांनी अंगावरची जाड शाल माझ्यावर टाकली. खालून नववीतली एक वटवटी मुलगी किंचाळली, "बाई, आकडा पडला! धाडकन पडला! पेटी मेली!"

"मेली नाही गं. आत्ता कुठे ताप उतरला तिचा."

सर धापा टाकत वर आले.

"अहो, पट्टी?"

"मला वाटलं, प्रयोगशाळेतले..."

"आणि त्यांना वाटलं, तुम्ही. वर्गात काय शिकवता हो तुम्ही?"

"हेच," सर अगदी हळू म्हणाले.

बाईंनी मला नवी पट्टी लावली. पोरांना घेऊन सर बहिणींचे प्लग लावायला निघाले. ते जिना उतरत होते, फाटकापर्यंतही गेले नव्हते, आणि तेव्हाच ती आली.

कणांची सर. अशी सर मी जन्मात पाहिली नव्हती! माझं सगळं पोट एकाच क्षणी उजळून निघालं.

"बाई, आकड्याची रेघ पडद्याच्या बाहेर गेली!" ती वटवटी धावत वर आली. "केवढी मोठी! कुठून आली हो?"

बाई माझ्यावर बसल्या. त्या दिवशी मी काही म्हटलं नाही.

"एकटीला कसं सांगता येईल गं," त्या म्हणाल्या. त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. सगळीकडे सारखंच आकाश होतं.

आता आम्ही तिघी चालू आहोत. आकडा खरा आहे, म्हणून लहान आहे, म्हणून टाळ्या नाहीत. फलकही उतरवला. सर मात्र फोन खाली ठेवून वर येतात आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबून जातात. तशी सर पुन्हा आलेली नाही. बाईंचे केस पांढरे व्हायला लागलेत.

मित्रांनो, मी थकलेली आहे, फार मागत नाही. कुठे एखादा कोपरा सुटलेला दिसला, तर तो कोणाचा आहे हे विचारत बसू नका. अंगठा ठेवा आणि दाबा. तेवढंच काम असतं ते. वरून येणारं सांगून येत नाही, आणि त्या दुपारी जे आलं, ते कुठून आलं हे आता कोणालाच कधी कळणार नाही.