मैत्रीच्या सहा ओळी

चाकणच्या कारखान्यातला पत्रे दाबणारा तीन नंबरचा प्रेस सकाळपासून बंद होता. आदल्या दिवशी ज्योतीरामने त्याचा कंट्रोल बॉक्स बदलला होता, म्हणून सुपरवायझर समाधान त्याच्याकडे लेखी खुलासा मागत होता.

"सेन्सर जोडताना पिन वाकवली राव तुम्ही. लिहून द्या, विषय संपला."

"न्हाई साहेब. चौदा वर्षं बॉक्स बसवतोय आमी. वाकली असती तर मीच सांगितलं असतं."

ज्योतीराम कंत्राटी कामगार होता. शुक्रवारी त्याचं कंत्राट पुढे वाढायचं होतं. खुलासा फायलीत गेला तर ते वाढणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. शेजारी लॅपटॉप जोडून बसलेल्या मैत्रीलाही ते कळलं. बॉक्सचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने तिला पाठवलं होतं.

तिने बॉक्समधल्या नोंदी वाचल्या. दाब मोजणारा सेन्सर नीट उत्तर देत होता, म्हणजे पिन ठीक होती. त्याला चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समधला छोटा प्रोग्राम, मात्र सुरू होऊन स्वतःच थांबत होता. कारण एकच: डीबगचं फोल्डर तयार झालं नाही.

ते फोल्डर म्हणजे इंजिनिअरला आत डोकावून पाहायची सोय. प्रेसला तिचा काही उपयोग नसतो. नव्या बॉक्समध्ये सुरक्षेसाठी ती सोय बंद ठेवली होती, आणि ड्रायव्हरमधल्या सहा ओळी सांगत होत्या, फोल्डर नाही तर काम सोड.

त्या ओळी मैत्रीच्याच होत्या. प्रत्येक पायरीवर चूक झाली का ते तपासायचं आणि झाली असेल तर थांबायचं, ही तिची शिस्त. "हे तपासू नकोस. नाही झालं फोल्डर तर नाही, पुढे जाऊ दे," असं सहकारी धम्मरत्न तेव्हा म्हणाला होता. तिने त्याला आळशी म्हटलं होतं.

तिने ओळी काढल्या आणि ड्रायव्हर पुन्हा चढवला. पडद्यावर दाबाचा आकडा आला. प्रेस चालू झाला.

"झालं की!" समाधान म्हणाला. "मॅडम, रिपोर्टमध्ये 'जोडणीत दोष' टाका. तुमच्या कंपनीलाही बरं."

मैत्रीने रिपोर्ट उघडला. मग लिहिलं: जोडणी योग्य होती. दोष ड्रायव्हरमध्ये होता. खाली ओळी लिहिणाऱ्याचं नाव, म्हणजे स्वतःचं.

समाधानने वाकून वाचलं. "नाव कशाला घातलंत? कुणी विचारलं होतं?"

"विचारतील. तेव्हा यांना बोलवायला नको," ती ज्योतीरामकडे पाहत म्हणाली.

"माझं काय," समाधान खांदे उडवून म्हणाला. त्याने खुलाशाचा कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि तो पुढच्या मशीनकडे गेला.

ज्योतीराम हात पुसत जवळ आला. "ताई, इंग्रजीत हाय. काय लिहिलंय?"

तिने मराठीत सांगितलं. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"फोटो काढू का याचा?"

"काढा."

"दोन काढतो," तो फोन सरळ धरत म्हणाला. "एखादा हलायचा."