शिवणीत ठेवलेलं तीन बोटं कापड

"एवढी महाराष्ट्राची सुंदरी झाली म्हणं, आन् आली बघ साधी चप्पल घालून. तोंडाला पावडर बी न्हाय."

लक्ष्मम्मा माझ्या कानाशी कुरकुरली. आम्ही दोघी एकाच टोपलीतली विड्याची पानं पुसत बसलो होतो, त्यामुळं तिच्या कुरकुरीला माझाच कान जवळचा होता.

"अव्वा, हळू. तिला ऐकू जाईल."

"जाऊ दे की. कानात काय घातलंय तिनं? ते बी न्हाय."

लक्ष्मम्मा म्हणजे नवऱ्या मुलीची, प्रतीक्षाची आजी. मी सत्यभामा, गावातली शिलाईवाली. शिलाई मला कुणी शिकवली नाही. आधी नवऱ्याचे चार शर्ट बिघडवले, मग हात बसला. त्या दिवशी प्रतीक्षाचा हिरवा ब्लाउज घेऊन सकाळीच तिच्या घरी गेले होते. पत्रिकेत साखरपुडा छापला होता. पण कोपऱ्यातल्या परातीत पिवळ्या अक्षता होत्या, कपाटात मंगळसूत्र होतं आणि लग्न लावणाऱ्या जंगम स्वामींना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं. आमच्याकडं आता असंच उरकतात. साखर वाटता वाटता कुणीतरी म्हणतं, "पाहुणे जमलेतच, तर अक्षता पण टाकून घेऊ." जसं काही तेव्हाच सुचलं! सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि सगळं गाव नवल करतं.

त्या सुंदरीला, शिवांजलीला, बोलावलं ते प्रतीक्षाच्या बापानं, शरणबसप्पानं. त्याला दारात फ्लेक्स लावायचा होता, मुकुटातल्या फोटोसकट. ही पोर उमरग्यात बसस्टँडमागं मुलींची अभ्यासिका चालवते आणि कमी वयाची लग्नं थांबवते, हे त्यानं ऐकलंच नव्हतं. फोटो पाहिला होता, तेवढा पुरे. मला ते सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

शिवांजली शेजारच्या गावची. स्पर्धेचा तिचा झगा मीच शिवलेला, इरकलीचा. पुण्यात ती जिंकली तेव्हा सगळे मोबाइलवर तिचं तोंड बघत होते, मला मात्र डाव्या खांद्यावरची चूण दिसत होती. त्याला सहा वर्षं झाली. जाहिरातवाले आले, तर ती म्हणाली, वर्षभर करते. वर्षानं परत आली आणि अभ्यासिका उघडली. लोक हसले. मग तिनं पहिलं लग्न थांबवलं, तेव्हा लोक हसायचे थांबले आणि तिच्या स्कूटीचे आरसे फुटायला लागले. आता ती स्कूटी आरशांशिवायच चालवते. फीत कापायला, बक्षीस वाटायला, बारशाला, कुठंही बोलावलं तरी जाते. मी एकदा विचारलं, "कंटाळा न्हाय येत गं?" तर म्हणाली, "मावशी, मोर्चा घेऊन गेले की दार लावतात. मुकुट घेऊन गेले की चहा ठेवतात."

मुकुट ती स्टीलच्या डब्यात आणते. त्या दिवशीही आणला होता. घरातल्या बायका माजघरात जमल्या, एकेकीनं तो डोक्यावर ठेवून पाहिला. लक्ष्मम्मानं सगळ्यात जास्त वेळ ठेवला.

"आता चालून दाखव की," ती म्हणाली. "तिथं चालली होतीस तशी."

शिवांजली उठली, कमरेवर हात ठेवून चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालली आणि वळताना कांद्याच्या टोपलीला अडखळली. बायका हसून हसून वाकल्या.

"आमच्या पोरीला बी पाहुण्यांनी चालाया लावलं," लक्ष्मम्मा कौतुकानं म्हणाली. "केस सोडाया लावले, पाय बघितले. पास झाली!"

"मी माझ्या मनानं गेले होते, अव्वा. अर्ज भरून," शिवांजली म्हणाली. "हिला कुणी विचारलं होतं का?"

हसू तिथंच विरलं. एकीला पानं आठवली, दुसरीला नारळ. शिवांजलीची नजर अक्षतांच्या परातीवर गेली, मग कोपऱ्यात बसलेल्या प्रतीक्षाच्या मनगटांवर. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"वय काय हिचं?" तिनं सरळ विचारलं.

"अठरा," लक्ष्मम्मा म्हणाली.

"अठरा," प्रतीक्षाची काकू म्हणाली.

मी दोरा दातानं तोडत बसले. तोंडात दोरा असला की बोलावं लागत नाही.

प्रतीक्षाची आई दैवशाला चुलीपाशी गव्हाची गोड हुग्गी ढवळत होती. तिनं मान आणखी खाली घातली. सकाळपासून तिनं तिथून पाय हलवला नव्हता.

आवाज ऐकून शरणबसप्पा आत आला. त्यानं खिशातून आधार कार्ड काढलं. "बघा म्याडम. अठरा पूर्ण, वर दोन महिने. आमी कायद्यानं चालणारी माणसं हाव."

कार्ड नवं कोरं होतं. जन्मतारीख गेल्याच महिन्यात दुरुस्त करून आणली होती, तेही गावाला ठाऊक. शिवांजलीनं ते नीट वाचलं आणि परत दिलं.

मी तिला बाजूला घेतलं. "पोलिसांना फोन लाव की."

"लावीन," ती म्हणाली. "पण मावशी, नुसते पोलीस आले की लग्न आठ दिवस थांबतं. मग पलीकडं कर्नाटकात नेऊन लावतात. दोनदा हरलेय मी असं. घरातलं माणूस बोललं, तर मात्र थांबतं. मला इथलं एक माणूस पाहिजे."

ती माझ्याकडंच बघत होती. मी ब्लाउजाकडं बघितलं. याच गावात मला राहायचं, याच बायकांची मापं घ्यायची. शरणबसप्पाच्या भावकीतच माझी निम्मी गिऱ्हाइकं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "पाहुणे आले! पोरीला तयार करा," शरणबसप्पा ओरडला.

शिवांजलीनं ब्लाउज उचलला. प्रतीक्षाला घालायला म्हणून तो उघडला आणि थबकली. तिच्या झग्याच्या वेळी ती माझ्या मशीनपाशी महिनाभर बसली होती, शिवण तिला कळते. तिनं ब्लाउज उलटा केला आणि सगळ्यांसमोर धरला.

"मावशी, आत एवढं कापड कशाला ठेवलंय?"

मोठ्या बाईच्या ब्लाउजाला आत एक बोट कापड ठेवते मी, फार तर दीड. इथं दोन्हीकडं तीन-तीन बोटं होतं. कापताना मी विचार केला नव्हता. पोरीचं माप समोर होतं, हातानं आपोआप तेवढं धरलं. शिवून झाल्यावर लक्षात आलं, तेव्हा कात्री घेतली होती छाटायला. छाटलं नाही.

"बोला की अक्का," शरणबसप्पा दारातून म्हणाला. आवाजात मऊपणा नव्हता. "चुकलं असंल, तर चुकलं म्हणा."

"चुकलं न्हाय," मी म्हणाले. "शाळेच्या गणवेशाला ठेवते, तेवढं ठेवलंय. दर वर्षी जूनमध्ये उसवून वाढवावं लागतं ना, म्हणून. पोर अजून वाढतीय."

लक्ष्मम्माच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"शिलाईवालीचं काय ऐकता!" शरणबसप्पानं कार्ड पुन्हा वर धरलं. "सरकारचा कागद हाय ह्यो. सरकार खोटं बोलतंय व्हय?"

चुलीपाशी पळी भांड्यावर ठेवल्याचा आवाज झाला. दैवशाला उठली. पदराला हात पुसत आली, शिवांजलीच्या हातातून ब्लाउज घेतला, घडी घातली आणि लेकीच्या पुढ्यात उभी राहिली. नवऱ्याकडं मान वर करून बघताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"कार्ड तुमी केलं," ती म्हणाली. "बाळंत म्या झाले. पंधरावं चालू हाय तिला."