रोज संध्याकाळचं ग्रहण

आमच्या मामाजींनी, म्हणजे सासरे मनोहररावांनी, त्र्याऐंशीच्या दिवाळीत टीव्ही आणला आणि भेटेल त्याला त्याची किंमत सांगितली. पंधरा दिवसांनी कुठल्याशा साप्ताहिकात त्यांनी वाचलं की टीव्हीतून किरणं निघतात आणि गर्भाला बाधतात. झालं! माझी धाकटी जाऊ प्रेमिला तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती.

शहाण्या माणसानं टीव्ही विकला असता. पण मग रविवारचा सिनेमा कोण पाहणार? मामाजींनी टेपनं मोजून स्वतःची खुर्ची दहा फूट मागे घेतली आणि प्रेमिलेला ग्रहणाचा नियम लावला. टीव्ही लागला की तिनं स्वयंपाकघरात दार लावून बसायचं. खिडकीच्या फटींतही त्यांनी पोत्याचे तुकडे कोंबले. ग्रहण वर्षातून एखाद-दोनदा लागतं, आमच्याकडे रोज संध्याकाळी लागायला लागलं. खऱ्या ग्रहणात गर्भारशीनं विळीलाही हात लावायचा नसतो. इथं मात्र आत कोळशाची सिगडी पेटलेली आणि घरभराच्या पोळ्या तिनंच करायच्या. ग्रहण म्हणे!

"मामाजी, डोकं फुटून राहिलं माह्यं," ती म्हणायची.

"दार उघडं टाकलं असन तुनं. किरणं लागले!"

मीही बाहेर टीव्हीसमोरच बसत होते. खोटं कशाला बोलू?

डिसेंबरातल्या एका रविवारी सिनेमा संपला आणि मी दार ढकललं. प्रेमिला सिगडीपाशी आडवी पडली होती. तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला होता. तिला उचलून अंगणात आणलं, तिथून रिक्षानं धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: खोलीत काय पेटलं होतं आणि खिडकी उघडी होती का? "कोळशाचा वायू कोंडला," ते म्हणाले. "अजून थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेली असती." बाळाचे ठोके लागेपर्यंत मी तिच्या खाटेपासून हलले नाही.

आठ दिवसांनी तिला घरी आणलं. तोवर मामाजींनी स्वयंपाकघराच्या दाराला आतून पत्रा ठोकून घेतला होता.

"लाकडातून गेले असतीन किरणं. डॉक्टरले काय समजते?"

माझं टाळकं सरकलं. त्या संध्याकाळी टीव्ही लागल्यावर मी पेटलेली सिगडी बैठकीत आणून त्यांच्या खुर्चीशी ठेवली. खिडक्या लावल्या, तेच पोत्याचे तुकडे फटींत कोंबले आणि दार लावून, कडीवर हात ठेवून आतच उभी राहिले.

"हे काहून वं, सुभद्रा?"

"तुमाले किरणं लागू नये म्हनून, मामाजी."

बातम्या संपायच्या आतच ते कपाळ दाबत, खोकत उठले. "दार उघड वं! जीव घाबरून राहिला माह्या!"

"टीव्ही बंद करू का?"

"टीव्ही राहू दे! ते सिगडी पयले बाहेर ने!"

मी सिगडी अंगणात नेली. ती पुन्हा आत आली नाही.