चार लिहिलं होतं

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नाही. माझ्यावर कधी कुणी कविता लिहिली नाही की भागाकार सोडवला नाही. मी कड्यावर उभा असतो, खाली समुद्राकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी. रोज सकाळी माझ्यावर चार गोष्टी लिहिल्या जातात: लाटेची उंची किती फूट, दोन लाटांमध्ये किती सेकंद, वारा कुठून आणि ओहोटी किती वाजता. एवढं वाचून माणसं ठरवतात, पाण्यात उतरायचं की मुकाट्याने घरी जायचं.

माझा जन्म बर्फाच्या कारखान्यात झाला. तिथल्या थंड खोलीचं दार मोडलं, तेव्हा एका सुताराने त्याचा चांगला राहिलेला अर्धा भाग कापून घेतला, रंधा मारला, काळा रंग दिला आणि मला दोन खांबांवर ठोकून उभं केलं. मच्छीमारांसाठी तो हवामानाचा अंदाज माझ्यावर लिहायचा. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय, पण आकडा खणखणीत. शंका आली तर एक फूट वाढवून लिहायचा, कमी करून कधीच नाही. होडीवर जाणाऱ्यांच्या बायका पोरांना कडेवर घेऊन माझ्यासमोर यायच्या आणि आकडा मोठा असला तर नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला घरी न्यायच्या. नवरे मला शिव्या घालायचे. तो माझ्या कौतुकाचा काळ होता, आणि त्या शिव्या मला अजून आठवतात.

मग मच्छीमारांचा धक्का दुसरीकडे हलला, सुतार वारला, आणि मी त्याच्या मुलाच्या वाट्याला आलो. या मुलाला सगळे कप्तान म्हणतात. जन्मात त्याने होडी चालवलेली नाही, पण आवाज तसा आहे. त्याने पायऱ्यांशेजारी सर्फबोर्डचं, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत यायच्या फळ्यांचं, दुकान काढलं. बोर्ड विकायचे, भाड्याने द्यायचे आणि मोडलेले दुरुस्त करायचे. आमच्याकडे मोडलेल्यांना तोटा नाही. किनाऱ्यापासून बऱ्याच लांब, पाण्याच्या जेमतेम खाली, खडकाची एक लांबलचक रांग आहे. उघड्या समुद्रावरून आलेली लाट वाटेत कुठेही न अडता थेट त्या रांगेवर आदळते, एकदम उभी राहते आणि फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर पडलात तर तोंडात वाळू जाते. इथे पडलात तर खाली खडक आणि खडकाला चिकटलेली धारदार कालवं.

आता कप्तान आणि त्याच्याबरोबर लाटांवर जाणाऱ्या मंडळींची एक रीत सांगतो. लाट जेवढी असेल त्याच्या निम्मी सांगायची. आठ फुटांची असेल तर 'चार'. बारा फुटांची असेल तर 'असेल सहाएक'. जो पूर्ण आकडा सांगेल तो भित्रा, त्याला वर्षभर टोमणे. सुरुवातीला मला वाटलं, या माणसाला मोजताच येत नाही. पण आपापसात यांचं काही अडत नव्हतं, कारण प्रत्येक जण मनातल्या मनात दुप्पट करून घ्यायचा. अडचण एवढीच की फळा सगळ्यांसाठी असतो. आणि परक्याला ही गोष्ट सांगायची नाही, हा त्या रीतीचाच भाग होता.

परका आला की मंडळी माझ्या समोरच्या कठड्यावर ओळीने बसायची. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, एक नळदुरुस्तीवाला होता, आणखी दोघे-तिघे होते. परका माझ्यावरचा 'तीन' वाचायचा, खुशीत पायऱ्या उतरायचा आणि सहा फुटांच्या लाटेखाली सापडून पाठ सोलून परत यायचा. मग हेच लोक त्याच्या जखमा धुऊन द्यायचे, खांद्यावर थाप मारायचे आणि बोर्ड दुरुस्तीला टाकून घ्यायचे. तो बिचारा जाताना यांचे आभार मानायचा. तो वळणापलीकडे गेला की कठड्यावर असा हशा उठायचा की चार दिवस पुरावा.

मी काय केलं? काही नाही. फळ्याला काही करता येत नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, मित्रांनो, की आता मलाच त्याची लाज वाटते.

कप्तानाला एकच मुलगी. ती दूर शहरात नोकरीला गेली आणि तिथेच तिने लग्न केलं. जावई तिथल्या एका मोठ्या बसडेपोत वेळापत्रकं बनवायचा. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि लिहिलेल्या शब्दावर भारी विश्वास. त्याच्या कामात सात चाळीस म्हणजे सात चाळीस. कप्तानाला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. "हा कारकून माझ्या पोरीला काय सांभाळणार?" असं तो कठड्यावर बसून उघड बोलायचा.

ते जावयाच्या कानावर गेलं असावं, कारण त्याने सासऱ्याला न सांगता सर्फिंग शिकायला घेतलं. दोन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी वाळूच्या किनाऱ्यावर जाऊन आपटत राहिला. आणि एका संध्याकाळी बायकोला आणि एका जुन्या बोर्डला घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"बाबा, मी पाच फुटांपर्यंत जातो," तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला. "त्याच्या वर नाही. हिला वचन दिलंय तसं."

"शहाणा आहेस," कप्तान म्हणाला.

जावई बोर्ड आत ठेवायला गेला, तशी मुलगी वडिलांच्या जवळ सरकली. "बाबा, उद्या तरी खरा आकडा लिहा हं."

"लिहितो गं."

"नक्की ना? मी त्याला आपलं ते निम्म्याचं सांगितलेलं नाही."

"अगं, लिहितो म्हटलं ना! जावई आहे माझा, दुश्मन नाही."

ती हसली. नवऱ्याला दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं तिला. पण ती याच कड्यावर वाढली होती आणि इथली गोष्ट परक्याला सांगायची तिच्या जिभेला सवय नव्हती. तिने वडिलांचा शब्द पुरेसा मानला.

सकाळी कप्तानाने हवामानाचा अंदाज ऐकला, दुर्बिणीतून खडकाकडे पाहिलं आणि खडू हातात घेतला. लाट आठ फूट, सोळा सेकंदांची. दोन लाटांमध्ये इतका वेळ जातो तेव्हा लाट लांबून आलेली असते आणि तिच्यात दम असतो. तो आठ लिहिणार होता, मित्रांनो. खडू माझ्या अंगाला टेकलासुद्धा होता.

"काय कप्तान," कठड्यावरून दातांचा डॉक्टर म्हणाला, "जावईबापूंसाठी आज फळा सरळ केलाय वाटतं?"

"सोबत एक टायरची ट्यूब पण द्या," नळवाला म्हणाला. "कंबरेला बांधून सोडू."

कठडा हसला. कप्तानाचे कान लाल झाले. मुलीला दिलेला शब्द आणि कठड्यावरचं हसू यांत तो दोन श्वास अडकून राहिला असेल, फार तर तीन. मग त्याने माझ्यावर भला मोठा चार काढला. त्याला जावयाचा जीव घ्यायचा नव्हता, हे मी आजही मानतो. त्याला फक्त थोडी मजा हवी होती, आणि ती त्याला पोरीपेक्षा महाग वाटली.

जावई आला तेव्हा मुलगी आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. आईच्या गुडघ्याचं दुखणं जुनंच होतं. जावयाने चष्मा पुसला, नीट डोळ्यांवर चढवला आणि माझ्यासमोर उभा राहून एक-एक ओळ ओठ हलवत वाचली. त्याच्या दोन्ही काचांमध्ये मला माझा चार दिसत होता.

"बाबा, चार ना?"

कप्तान बोर्डला मेण लावत होता. त्याने मान वर केली नाही. "फळ्यावर काय लिहिलंय?"

"चार."

"मग?"

जावयाने समुद्राकडे पाहिलं. पण कड्यावरून खडक लांब दिसतो, आणि शेजारी माणूस नसेल तर लाट केवढी आहे ते कळत नाही. शिवाय लाटा पाच-सहाच्या तुकड्यांनी येतात आणि मध्ये समुद्र साळसूदासारखा पडून राहतो. तो पाहत होता तेव्हा नेमका तसा पडला होता. त्याने चष्मा काढून सासऱ्याच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरला.

पुढचं मला फार सांगवत नाही. पहिली लाट उभी राहिली तेव्हा तिच्यापुढे तो एवढासा दिसला. कठड्यावर कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते हसू अर्ध्यावर थांबलं. दुसऱ्या लाटेने त्याला खडकावर घातलं. तिसरीनेही घातलं. नळवाला पायऱ्यांवरून उड्या मारत गेला, कपड्यांसकट पाण्यात शिरला आणि जिवावर उदार होऊन त्याला बाहेर घेऊन आला. हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. जावयाची मांडी तीन ठिकाणी मोडली होती, कंबरेचं हाड सरकलं होतं, आणि पाठ कशी होती ते मी सांगणार नाही.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. कप्तान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत अजून तो चष्मा होता. त्याने ओल्या बाहीने चार पुसला आणि त्या जागी आठ लिहिला. सुंदर आठ होता, बापाच्या वळणावर गेलेला. मागे वळला तर मंडळी बघत होती. दातांचा डॉक्टर म्हणाला, "आठच होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला."

तासाभराने मुलगी धावत आली. नवऱ्याकडे जाण्याआधी ती माझ्याकडे आली. माझ्यावरचा आकडा पाहिला आणि तिथेच थबकली.

"तुम्ही पूर्ण लिहिलात?"

"तुला शब्द दिला होता ना."

"आणि तरी तो गेला?"

"मी विचारलं त्याला, फळ्यावर काय लिहिलंय," कप्तान म्हणाला, आणि यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तिने वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. मला वाटलं, आता तरी याच्या तोंडून खरं बाहेर पडेल. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला नवऱ्याचा चष्मा दिला.

इस्पितळात जावई सारखा एकच म्हणायचा, "चार लिहिलं होतं." मुलगी दर आठवड्याला येऊन वडिलांना सांगायची. "अजून चारच म्हणतोय, बाबा. मी विचारलं, पाच माणसं मिळून खोटं बोलतील का? तर चष्मा काढून पुसत बसला." कठड्यावरचा दातांचा डॉक्टर त्याला भेटायला गेला, फळं घेऊन. त्याने समजूत काढली की चष्मा काढून वाचलं असेल, घाईत होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस. हळूहळू जावयाचं 'लिहिलं होतं' हे 'लिहिलं होतं असं वाटतं' झालं. मग त्याने तो विषयच सोडला.

कामावर तो परत गेला, पण वेळापत्रकांच्या टेबलावर बसला नाही. स्वतःहून बदली मागून घेतली. आता तो प्रवाशांच्या हरवलेल्या छत्र्या आणि पिशव्या सांभाळतो. मुलीने हे वडिलांना सांगितलं तेव्हा कप्तान म्हणाला, "बरं झालं, जबाबदारीचं काम नको त्याला."

आणि माझं काय झालं? माझे फार लाड सुरू झाले. मला नवा रंग मिळाला, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आलं. मुलीने स्वतःच्या हाताने माझ्या वरच्या कडेवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: 'उतरण्याआधी फळा वाचा.' ती इथे असते तेव्हा कप्तान माझ्यावर पूर्ण आकडा लिहितो. ती गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मा. कठडा पुन्हा भरतो. नळवाला तेवढा आता तिथे बसत नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला उभा राहतो.

परवा जावई काठी टेकत माझ्यासमोर आला. बायको बरोबर होती. त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता, तरी तिने लहान मुलाला वाचून दाखवावं तसं बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं, "सहा. दिसतंय ना?" त्याने मान डोलावली. मग तो कप्तानाकडे वळला.

"बाबा, एक राहिलं होतं. त्या दिवशी चूक माझीच होती. मी उगीच सगळ्यांना खोटं पाडत होतो. मला माफ करा."

"असू दे रे," कप्तान म्हणाला. "होतं असं माणसाकडून."

मुलीने वडिलांकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की मला माझे खांब नकोसे झाले.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांतले माझ्यासारखे जुने फळे शेवटी सांगतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मला तसलं काही नको. माझी निगा चांगली राखली जाते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्या बसडेपोत, हरवलेल्या छत्र्यांच्या खोलीत, जाड चष्म्याचा एक लंगडा माणूस बसतो. प्रत्येक चिठ्ठी तो तीनतीनदा वाचतो आणि तरी शेजाऱ्याला विचारून घेतो. त्याच्याकडे जा आणि त्याला सांगा, की तुझे डोळे चांगले आहेत. तू बरोबर वाचलं होतंस.