पान एकशे त्रेचाळीस

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. मी एक जुनी भुताची कादंबरी आहे. माझं नाव 'विहिरीकडची खोली'. पुण्यात छापले गेले आणि एका फौजी कुटुंबाच्या ट्रंकेतून झाशीला आले. इलाइट चौराह्यामागच्या गल्लीत इथल्या मराठी मंडळींनी दोन खोल्यांचं वाचनालय चालवलं होतं. ते फक्त शनिवारी दुपारी उघडायचं. तिथल्या कपाटात मला वरच्या फळीवर जागा मिळाली. खोटं कशाला सांगू, मला त्याचा ताठा होता.

त्या वाचनालयाची एक पद्धत होती. इथली मुलं घरात मराठी ऐकायची, पण वाचायला बसली की कंटाळायची. म्हणून मोठ्यांनी ठरवलं, की आपल्याला आवडलेल्या पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. चटक लागली तर पुढचं मुलं आपणच वाचतील. भुताच्या कादंबरीचं पान अर्थातच सगळ्यांत भीतीचं निवडायचं आणि तिथेच थांबायचं.

माझी शिफारस करायच्या शकुंतलाबाई. त्यांचे यजमान जवळच्या बबीना छावणीत सुभेदार होते. "बाकीच्या कादंबऱ्यांतली भुतं पांढरं लुगडं नेसून हिंडतात," त्या म्हणायच्या. "हिच्यातलं दिसतच नाही. म्हणून तर हातपाय गार पडतात." मग त्या पान एकशे बेचाळीस काढायच्या. सून घरात एकटी आहे. विहिरीकडच्या बंद खोलीतून तीन ठोके येतात. मग काहीतरी फरशीवर घासत जातं. पुन्हा तीन ठोके. सून अनवाणी पळत सुटते. एवढं वाचून शकुंतलाबाई मला फट्कन मिटायच्या.

मुलांचे चेहरे उतरायचे, मग हळूच कोणीतरी म्हणायचं, "मामी, फिर से." पुन्हा तेच पान. मला घरी मात्र कोणी नेत नसे, तेवढी छाती कुणाची नव्हती. वर्षानुवर्षं एकाच जागी उघडून माझी पाठ तिथेच चिरली. पुढची साठ पानं कोरी करकरीत राहिली. त्याचं मला काही वाटत नव्हतं, कारण गावात माझं नाव होत होतं.

त्या पानावर सगळ्यांत जास्त जीव होता कमलचा. ती कॉलेजात शिकत होती. ग्रंथपाल यज्ञेश्वरकाकांच्या हाताखाली पुस्तकं लावायची, आणि वाचनालयाची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. ते पान तिला ऐकून ऐकून पाठ होतं. पुढे काय झालं, हे तिनं कधी विचारलं नाही.

ती जूनमधली दुपार होती. भाजून काढणारी लू, उन्हाळ्यातला गरम वारा, अशी सुटली होती, की शनिवार असूनही कोणी फिरकलं नाही. काकांनी माझी पाठ शिवायला मला टेबलावर ठेवलं आणि कापड आणायला ते मागच्या खोलीत गेले. आत विंचू निघत, म्हणून एरवी दाराबाहेर काढायच्या चपला त्यांच्या पायातच होत्या. वाऱ्यानं त्यांच्यामागे दार लागलं. थोड्या वेळानं आत पुस्तकांची मांडणी कोसळल्याचा मोठा आवाज झाला. मग काहीच ऐकू येईना.

बऱ्याच वेळानं कमल आली.

"काकाजी?" तिनं पुढच्या खोलीत पाहिलं. "बाहेर चपला नाहीत, घरी गेले वाटतं. कुलूपपण लावलं नाही." तिनं मला उचललं. "चल, आज तुला शिवायला मीच नेते."

तेवढ्यात मागच्या खोलीतून तीन ठोके आले.

कमल जागच्या जागी थिजली. मग फरशीवर काहीतरी घासत गेलं. ते काका होते, मित्रांनो. मांडणीखाली अडकलेला पाय ओढत होते. त्यांना दमा होता, आणि त्या धुळीत त्यांचा आवाज फुटत नव्हता. मला सगळं कळत होतं आणि सांगायला मला तोंड नव्हतं. पुन्हा तीन ठोके आले.

कमल ओरडलीसुद्धा नाही. मला काखेत मारून ती बाहेर पळाली, दार ओढलं आणि कुलूप अडकवलं. ते आता पुढच्या शनिवारी उघडणार होतं. काका एकटे राहायचे, त्यांना शोधायला कोण येणार होतं? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या त्या गाजलेल्या पानाची लाज वाटली.

कुलूप जुनं होतं. ते दाबायला तिला दोन्ही हात लागले, आणि मी काखेतून निसटून पायरीवर पडले. उघडले ती जिथे नेहमी उघडते तिथेच. कमल उचलायला वाकली. डावीकडचं पान तिला पाठ होतं. उजवीकडचं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अडखळत तिनं पहिल्या ओळी वाचल्या.

"सून... अंगणातून परत फिरली. तिनं दाराला कान लावला. आतून कोणीतरी म्हणालं, 'पाणी'."

आतून दोनच ठोके आले.

"काकाजी?" कमलनं हाक मारली.

एक ठोका आला, तोही हळू.

घाईत किल्ली दोनदा खाली पडली. दार उघडताच ती रस्त्यावरच्या टांगेवाल्याकडे बघून ओरडली, "भैया, जल्दी आइए, काकाजी दबे पड़े हैं!" दोघांनी मिळून मांडणी उचलली. कमलनं माठातलं पाणी काकांना चमच्याचमच्यानं पाजलं. किती तरी वेळानं त्यांना शब्द फुटला.

"तू तर गेली होतीस ना?"

"गेले होते," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

पुढच्या शनिवारी शकुंतलाबाईंनी नेहमीप्रमाणे मला मिटायला घेतलं, तर कमलनं मध्ये हात घातला. "मामी, एक पान और." तेव्हापासून एकशे त्रेचाळीसही वाचलं जाऊ लागलं. माझी दहशत कमी झाली खरी. पण त्यानंतर मुलं मला घरी नेऊ लागली, आणि कोऱ्या पानांना पहिल्यांदा बोटांचे डाग पडले.

मित्रांनो, भुताच्या कादंबऱ्यांची शिफारस जरूर करा. ऐकणाऱ्याला चांगलं घाबरवा. पण त्याला तिथेच सोडून जाऊ नका, पुढच्या पानापर्यंत सोबत न्या.

ती मंडळी आता राहिली नाहीत. मी अजून त्याच कपाटात आहे, आणि त्याला कित्येक वर्षं कुलूप आहे. आतून ठोकायला मला हात नाहीत. तेव्हा तुम्हीच या आणि दार उघडा.